ओळख पटवायचा व्हिडिओ

कारंजा गावात लोकांना गुंतवणुकीचा सल्ला देणारं माझं ऑफिस आहे आणि तिथे कागदाचा चिटोरासुद्धा सापडणार नाही. झेरॉक्सचा गठ्ठा घेऊन कोणी आलं की माझं डोकंच फिरतं. सगळं लॅपटॉपमध्ये.

काल जिजाबाई आल्या. बाजारात भाजी विकणारे त्यांचे मालक, चंपतभाऊ, मागच्या महिन्यात वारले. भाऊंनी गुंतवलेलं आता बाईंच्या नावावर करायचं होतं. ते झाल्यावर त्या म्हणाल्या, "पोरी, तुया मशीनमंदी त्याइचा एखादा फोटो हाय काय? घरी एकबी धड नाई."

खातं उघडताना ओळख पटवायला घेतलेला व्हिडिओ तेवढा होता. मी तो लावला.

आधी माझाच वैतागलेला आवाज आला, "भाऊ, आता डोळे मिटा. आणि हसू नका!"

चंपतभाऊंनी हसू दाबत डोळे गच्च मिटले. सांगितल्याशिवाय उघडायचे नाहीत, असं त्यांना वाटलं असावं. तसेच बसून त्यांनी विचारलं, "उघडू काय आता?"

जिजाबाईंनी स्क्रीनवर हात ठेवला. "उघडा नं, अजी."

समोर जिवंत माणूस आहे हे पटायला मशीनला मिटलेले डोळे तेवढेच पुरे होते. व्हिडिओ तिथेच संपला.