उजव्या सीटवरचं वजन

मदतीला आलेल्या नवलने गव्हाचं पोतं उचलून ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं, त्यावर बियाण्याच्या पिशव्या रचल्या आणि सगळ्याला मिळून सीटबेल्ट लावला.

"झाया भाग्येश तयार," तो म्हणाला. "फक्त मिशा ऱ्हायन्यात."

हेमराज मोठ्याने हसला. सीमा हसली नाही. ती मागच्या चाकाजवळ उकिडवी बसून काट्यावरचा आकडा वाचत होती.

कळसाडीच्या त्यांच्या कापसाच्या गोदामात शर्यतीची गाडी चार काट्यांवर उभी होती, प्रत्येक चाकाखाली एक. काटे गावातल्या कापूसवाल्यांकडून मागून आणलेले. त्यांच्यात थोडाथोडा फरक निघणार हे सीमाने धरलेलंच होतं. म्हणून सकाळी तिने एकच पोतं चारही काट्यांवर ठेवून पाहिलं आणि कोणता किती खोटं बोलतो ते खडूने त्याच्याच पुढ्यात लिहून ठेवलं. धडगावच्या रुग्णालयात रक्त तपासायच्या यंत्राशी ती रोज असंच वागायची.

गाडीचं एकूण वजन बदलता येत नाही, पण ते चार चाकांत कसं वाटलं जातं ते बदलता येतं. पुढचं डावं आणि मागचं उजवं या जोडीवर जितका भार, तितकाच उरलेल्या जोडीवर आला, की गाडी दोन्हीकडची वळणं सारखी घेते. डुगडुगणाऱ्या टेबलाच्या एका पायाखाली आपण कागदाची घडी सरकवतो, तसंच हे. इथे कागदाऐवजी स्प्रिंगखालची आट्यांची चकती पान्याने वरखाली करायची. मात्र मोजताना चालकही आत हवा. चालक हजर नसेल तर त्याच्या वजनाची पोती.

भाग्येश हजर नव्हता. हेमराजचा हा पुतण्या मित्राच्या हळदीला नंदुरबारला गेला होता. रविवारी घाटातल्या चढाच्या शर्यतीत तो गाडी चालवणार होता, कारण हेमराजला आता चालवता येत नव्हती. साखरेने त्याच्या डोळ्यांचा मधला भाग पुसत आणला होता. समोरच्या माणसाचे कान त्याला दिसत, चेहरा दिसत नसे.

शर्यतींच्या सगळ्या वर्षांत हेमराज उजवीकडे बसला आणि त्याची बायको सीमा डावीकडे, मांडीवर टिपणं घेऊन, पुढचं वळण केवढं ते ओरडून सांगत. चढाच्या शर्यतीत चालक एकटाच असतो. डावी सीट रिकामी जाते.

नवलने पुढच्या चाकाची चकती फिरवली, गाडी दाबून हलवली, थांबला. "वहिनी, काय उनं?"

सीमाने आकडा सांगितला.

"बराबर उनं! हेमराजभाऊ, जुळनं! आते तुमना पुतन्या डोया मिटीसन चालाडई."

सीमा उठली. हात पुसले, उजवं दार उघडलं, बेल्टचा खटका दाबला आणि पोतं दोन्ही हातांनी ओढून जमिनीवर पाडलं. बियाण्याच्या पिशव्या त्याच्या पाठोपाठ आल्या.

"अरे वहिनी! आत्तेच तर जुळनं व्हतं!"

"भाग्येशसाठे जुळनं," सीमा म्हणाली. "गाडी मी चालाडसू."

हेमराजने मान किंचित वळवली. तिच्याकडे बघायचं असलं की तो आता तिच्या बाजूला बघायचा. "काय बोली ऱ्हायनी तू? नाव भाग्येशनं देल शे."

"सांजपावत बदलता येस."

"तो जवान पोऱ्या शे. घाट शे तो, सीमा."

"घाट शे म्हनीसनच. धडगावले मी रोज कशी जास? उडीसन?"

नवल पान्यावरचं ग्रीस पुसू लागला. पुसण्यासारखं फारसं नव्हतं.

"दवाखान्यानी तुळशीबाई रोज मन्हा बाजूले बठस," सीमा म्हणाली, "आनि घाट लागना का झोपी जास. भाग्येशना बाजूले तिले झोपाडी दखाडा. मंग मी उतरी जासू."

नवलला हसू आवरलं नाही. "त्यानासंगे गई तर तुळशीबाई उलटीनी पिशवी मांगई, भाऊ."

"तू चूप ऱ्हाय," हेमराज म्हणाला. बाहेर उसाचा ट्रॅक्टर गेला, तेव्हा चारही काट्यांवरचे आकडे थरथरले.

"गाडी मी बनाडेल शे," तो शेवटी म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "एक एक बोल्ट. तू उजवीकडे बठशी, मंग मी कोठे?"

सीमाने त्याच्या जवळ जाऊन उत्तर दिलं, पण शब्द मऊ केले नाहीत.

"रईवारले मी जठे उभी ऱ्हानार व्हती, तठे. दोरीना मांगे. लोकेसंगे."

ती फोन घेऊन दारापाशी गेली. तिथून तिचं शाळेतलं मराठी ऐकू येत होतं. "हो, नाव बदलायचंय. चालक सीमा पाटील... नाही, मिस्टर नाही. मीच. शर्यतीचा परवाना आहे, डावीकडे बसणाऱ्यालाही लागतो ना तो."

परत येऊन ती सरळ सीटवर बसली आणि बेल्ट लावला. पाय पुढे केला. क्लच तळापर्यंत जाईना. ही सीट हेमराजच्या लांब पायांसाठी मागे कसलेली होती. भाग्येशचे पायही तसेच.

तिने पाय आणखी ताणला, कंबरेतून सरकली आणि पुन्हा दाबला.

हेमराजने ते पाहिलं असणं शक्य नव्हतं. त्याने क्लचची स्प्रिंग अर्ध्यातून परतल्याचा आवाज ऐकला असावा.

"नवल, पाना दे."

"मी करस ना, भाऊ."

"दे म्हंतं ना."

तो दाराशी गुडघ्यांवर बसला. सीटखाली हात घालून बोटांनी बोल्ट शोधले, एकेक सैल केले. वर बघायची त्याला गरज पडली नाही. सीट तिच्यासकट पुढे ढकलली.

"पुरे?"

तिने क्लच दाबला. "आनखी एक भोक."

त्याने सीट आणखी एक भोक पुढे घेतली. बोल्ट कसले, सीट हलवून पाहिली, पुन्हा कसले. मग टपाचा आधार घेत उठला आणि तिथेच उभा राहिला.

"आते पयलापासून," नवल म्हणाला. तो एका काट्याकडून दुसऱ्याकडे गेला, मागच्या उजव्या चाकापाशी थांबला, वाकला. आकडा वर जात होता, खाली येत होता, एका जागी ठरत नव्हता. सीमा स्टीअरिंग धरून श्वास रोखून बसली होती. नवलने मान वर केली.

"भाऊ," तो हळूच म्हणाला, "हात काढा टपवरना. काटावर तुमनं वजन येई ऱ्हायनं."

हेमराजने हात काढला.