ओलीची रेघ

"सुजित, ती आली की काय बोलू रं मी?"

हिरामणने हे सकाळपासून कितव्यांदा तरी विचारलं, आणि तेही हाताखालच्या सुजितकडे नाही, समोरच्या काँक्रीटच्या ठोकळ्याकडे बघत.

"अहो दादा, एकच शब्द! थांब म्हणायचं. बस्स!"

उरणजवळ समुद्रात नवा धक्का बांधत होते. त्याच्या काँक्रीटमध्ये पाणी किती आत शिरतं, ते तपासायची प्रयोगशाळा म्हणजे पत्र्याची एक खोली. ठोकळा यंत्रात आवळायचा, तीन दिवस खालून पाण्याचा दाब द्यायचा आणि मग तो मधोमध फोडायचा. पाणी जिथवर गेलं तिथवर आत काळपट ओल दिसते. ती सुकायच्या आत मार्करने तिच्या कडेने रेघ ओढायची आणि माप घ्यायचं. या कामाला हिरामण दुसऱ्या कोणाला हात लावू देत नसे. बोलण्यात मात्र गडी ठार कच्चा.

त्याची बायको सगुणा गणपतीनंतर मुरुडला भावाकडे गेली ती गेलीच. भांडण नाही, तंटा नाही. "घरात दोन मान्सं हायत आसं वाटतच न्हाय," एवढंच म्हणाली होती. मूलबाळ नव्हतं, ती गेली आणि घर हिरामणला खायला उठलं. जेवताना सोबत म्हणून तो टीव्ही लावायचा आणि बघायचा मात्र दाराकडे. काल तिचा फोन आला. "उद्या येते. तुमी थांब म्हनलात तर थांबंन. न्हाय तर चावी देते नि जाते."

तेव्हापासून हिरामण तो शब्द घोकत होता. दाढी करताना आरशालासुद्धा म्हणून झाला होता.

दुपारी ठोकळा फोडायला घेतला. काडकन आवाज झाला, दोन तुकडे झाले, आणि दारातून हाक आली.

"आवो."

सगुणा होती. हातात कपड्यांची भरलेली पिशवी. ती राहायलाच आली होती!

हिरामणच्या हातात अर्धा ठोकळा होता आणि ओल कडेने सुकत चालली होती.

"थांब," तो म्हणाला. सगुणाचा चेहरा असा काही फुलला! "थांब जरा. ही सुकंल."

आणि तो रेघ ओढायला वाकला.

"म्हंजे ते थांब माज्यासाठी न्हवतं," ती हळूच म्हणाली.

"दादा, अहो वहिनी!" सुजित कळवळला.

"झालंच रं."

रेघ नेहमीसारखी सुरेख आली. हिरामणने मान वर केली तेव्हा दारात कोणी नव्हतं. टेबलावर घराची चावी होती.

तो धावत फाटकाबाहेर गेला. रस्त्याला कंटेनरच्या गाड्यांची रांग लागली होती. "थांब! सगुणा, थांब!" तो जिवाच्या आकांताने ओरडला. आपल्यालाच म्हणतोय असं वाटून एका ड्रायव्हरने ब्रेक मारला आणि वर चार शिव्या हासडल्या. सगुणा काही दिसली नाही.

तो परत आला. ठोकळा सगळा कोरडा, पांढरा पडला होता. रेघ तेवढी राहिली होती. त्याने माप घ्यायला पट्टी लावली, पण डोळे भरून आले होते, आकडा दिसेना.

"सुजित," तो म्हणाला, "तूच बघ रं."