दोन झाडूंमध्ये अडकलेला ढग

मी एक जुनी बांबूची पसरट परडी आहे. जावा बेटावर, लावू डोंगराच्या पायथ्याशी, पाइनेम नावाच्या बाईच्या अंगणात माझं आयुष्य गेलं. मला विणणाऱ्या म्हाताऱ्याची बोटं इतकी चपळ होती की विणता विणता त्याने चुकून एक माशीही माझ्यात विणली. खोटं वाटत असेल, तर मित्रांनो, खुशाल वाटू दे.

माझं काम एकच. परसातला औषधी पाला पाठीवर घेऊन उन्हात पडून राहायचं. वर काळं फडकं, म्हणजे ऊन लागतं पण वास उडत नाही. माझ्यावर वाळलेल्या गवती चहाचा वास पाइनेमच्या हाताला आठ दिवस राहतो, असं सगळी आळी म्हणायची.

त्या वर्षी पाइनेमची मुलगी सुतिना बाळंत झाली. बाळ रडायचं, दूध पुरत नव्हतं. पाइनेमने परसातला सगळा पाला खुडला. झाडांवर औषधालासुद्धा पान उरलं नाही. तिच्या मते याच पाल्याच्या काढ्याने लेकीला दूध येणार होतं. दोन दिवस पाला छान वाळला. तिसऱ्या दिवशी आभाळ भरून आलं, आणि नेमकं त्याच दिवशी शेजारी लग्न. पाइनेमला तिथे भात रांधायला जाणं भागच होतं.

मग तिने आमच्याकडे सगळेच करतात ते केलं. हिराचा झाडू उलटा रोवला, काड्यांना लाल मिरच्या आणि छोटे कांदे टोचले. पाऊस अडवायला. आणि निर्धास्त निघून गेली.

पण लग्नघरानेही पाऊस अडवणाऱ्या दार्मोकाकांना बोलावून बसवलं होतं! कुंपणापलीकडे चटई, पुढ्यात तसाच झाडू. लग्न उरकेपर्यंत उठायचं नाही, पाण्याला शिवायचं नाही, हा त्यांचा नेम.

झालं. ढग आला आणि दोन झाडूंच्या मध्ये अडकला. इकडे येईना, तिकडे जाईना. इतका खाली लोंबला की आमच्या कोंबडीने त्याला चोच मारली.

बाळंतिणीने पस्तीस दिवस उंबरठा ओलांडायचा नसतो. सुतिना बाळाला घेऊन दारातच उभी होती.

"काका, तुमचा ढग आमच्या पाल्यावर आलाय!"

"माझा कसला? तुझ्या आईने झाडू रोवून घोळ घातला. मी सकाळीच त्याला डोंगरापलीकडे धाडला होता."

"मग परत आला कसा? जेवायला?"

"जिभेला हाड नाही या पोरीच्या! कुणाला तरी हाक मार."

"कुणाला मारू? सगळी आळी तुमच्या मांडवात जेवतेय. काका, पाला भिजला तर दुसरा नाही हो."

"मी उठलो तर लग्न भिजेल. पुन्हा कुणी बोलावणार नाही मला."

पहिला थेंब माझ्या काठावर पडला. दुसरा फडक्यावर. माझ्या कामट्या ताठ झाल्या. पाय असते तर पळाले असते! सुतिनाने बाळाला आत चटईवर ठेवलं आणि एक पाय उंबरठ्याबाहेर उचलला.

"ए, थांब! पाय मागे घे!" दार्मोकाका ओरडले आणि उठले.

म्हातारा कुंपणावरून उडी मारून आला. कुंपण नारळाच्या झाडाएवढं उंच होतं, असं मी सांगते. तुम्ही थोडं कमी धरा. मला छातीशी कवटाळून ते दारात पोचले आणि मागे आभाळ फाटलं. मांडवात पाहुण्यांनी ताटं डोक्यावर धरली.

पाइनेम चिंब भिजून धावत आली. "दार्मो, तिकडे तुझ्या नावाने शंख करतायत. उठलास म्हणून पाऊस आला म्हणे!"

"आणि तू काय म्हणतेस?"

पाइनेमने फडकं उचललं, एक पान बोटांत चुरलं. कुर्रकन आवाज झाला. मग ती चुलीशी गेली. "बस. आधी कोरडा हो. काढा उकळला की पहिला पेला सुतिनाला, दुसरा तुला."

त्यानंतर दार्मोकाकांना कुठल्याही लग्नाचं बोलावणं आलं नाही. मित्रांनो, झाडूला हव्या तेवढ्या मिरच्या टोचा, माझी ना नाही. पण पाला वाळत घालाल तेव्हा जवळ एखादं माणूस ठेवा. वेळेला उठणारं.