मागे फिरायला शिकलेला ब्रश

मित्रांनो, आधी माझ्याकडे बघून पोटभर हसून घ्या. एका बाजूला टक्कल, दुसऱ्या बाजूला विस्कटलेले केस, आणि कणा असा वाकडा की धड उभं राहता येत नाही. हसलात? आता ऐका. मी एक जुना, पितळी तारांचा ब्रश आहे, आणि एका बापाला स्वतःच्या मुलीवर गोळी झाडण्यापासून मी अडवलं आहे. तेही कसं? नुसतं अडकून पडून!

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. दोन तारांना पीळ घालता घालता मध्ये पितळेचे केस पेरले आणि लोखंडी सळईवर बसवता यावं म्हणून मला एका टोकाला आटे पाडले. तिथून मी थेट एका लॉन्ड्रीत कामाला लागलो. लॉन्ड्रीच्या मागच्या खोलीत बॉयलर, आणि बॉयलरवर राज्य मामांचं. खरे मामा ते एकाच मुलीचे, पण धुणारे, इस्त्रीवाले, गिऱ्हाइकं, सगळे त्यांना मामाच म्हणत. वाफेच्या अंगठ्याएवढ्या नळ्या साफ करणं हे माझं काम. या तोंडाने घुसायचं, त्या तोंडाने बाहेर पडायचं! गंज असो, क्षार असो, मी कधी माघार घेतली नाही. "हा गडी मागे फिरत नाही बरं का," असं मामा कौतुकाने सगळ्यांना सांगत आणि मी फुगून जाई. नळीला दोन्हीकडे तोंड होतं म्हणून मागे फिरायची वेळच येत नव्हती, एवढी साधी गोष्ट माझ्या टाळक्यात कधी शिरली नाही.

एका सुट्टीच्या दिवशी मामांनी मला पिशवीत टाकलं आणि बहिणीकडे नेलं. या थोरल्या बहिणीला ते अक्का म्हणत. अक्कांच्या घरी नुसती धांदल उडाली होती! संध्याकाळी गल्लीतल्या हौशी मंडळींचं नाटक होतं. अक्कांचे यजमान, म्हणजे मामांचे भावोजी, नाटकात सेनापती. त्यांची मुलगी पहारेकरी. ती शिवणकाम करायची, त्यामुळे सगळ्यांचे पोशाख तिनेच शिवलेले आणि मापाची टेप अजून गळ्यातच. शेवटच्या अंकात सेनापती पहारेकऱ्याला गोळी घालतो. तालमी सगळ्या छत्रीवर झाल्या होत्या, पण भावोजींना खेळाला खरी बंदूक हवी होती. त्यांच्या आजोबांची बंदूक कित्येक वर्षं भिंतीवर टांगलेली होती. ती त्यांनी सकाळी उतरवली होती. पुढून दारू आणि गोळी ठासून भरायची, जुन्या काळातली. आता फक्त घोड्याखाली खेळण्यातली टिकली ठेवायची आणि चाप ओढायचा, असा त्यांचा बेत होता.

"मेहुणे, नळी अशी चमकली पाहिजे, की पहिल्या रांगेतल्यांचे डोळे दिपले पाहिजेत!" भावोजी म्हणाले.

मामांनी मला सळईवर चढवलं आणि दिलं नळीत ढकलून. काय सांगू मित्रांनो, काय तो गंज! मी खरवडत, किंचाळत, आनंदाने आत घुसलो. आता पलीकडचं तोंड येईल, आता उजेड दिसेल... आणि कशाचं काय! माझं नाक एकदम मऊशा कशात तरी रुतलं. चिंधी होती. चिंधीमागे काहीतरी जड, गोल, गार. शिसं! आणि त्याच्याही मागून एक उग्र वास.

माझी तर बोबडीच वळली. बंदूक भरलेली होती! आजोबांनी कधीतरी भरली आणि तशीच टांगली.

मामांनी मला मागे ओढलं. पण आत जाताना माझे केस मागे लवले होते, ते आता उलट्या छत्रीसारखे ताठ उभे राहिले आणि नळीच्या भिंतीत घट्ट रुतले. मी जागचा हललो नाही. मग मुलीने दस्ता पोटाशी धरला, मामांनी समोरून सळई धरली आणि सुरू झाली रस्सीखेच. बंदुकीचं तोंड सरळ मामांच्या छातीवर! मी आतून ओरडत होतो, "अहो, बाजूला व्हा!" पण ब्रशचं कोण ऐकतं?

"राहू दे आत!" भावोजी कडाडले. "बाहेरची सळई कापून टाका. पोटातला ब्रश कुणाला दिसतोय? टिकली वाजली की झालं."

"अहो, छत्री घ्या की सरळ," अक्का म्हणाल्या. "तालमीत तिनेच इतकी माणसं मारलीत."

"सगळ्या गल्लीला खरी बंदूक म्हणून सांगितलंय मी. एकदा टाकलेलं पाऊल मी मागे घेत नाही."

एरवी या वाक्यावर मी फिदा झालो असतो. त्या दिवशी मात्र अंगावर काटा आला.

पण मामा हटेनात. "ब्रश लॉन्ड्रीचा आहे, भावोजी. उद्या नळ्या काय बोटाने साफ करू? अक्का, तुझ्या पडद्याचा तो पोकळ रॉड दे. सळईवरून आत सरकवतो, केस त्यात दुमडले की ब्रश सुटेल."

"माझे नवे पडदे!" असं म्हणत का होईना, अक्कांनी रॉड काढून दिला. भावोजी टिकल्या शोधायला पेटीकडे गेले. रॉड केवढा कापायचा हे ठरवायला मामांनी पिशवीतून माझ्या सळईसारखीच दुसरी सळई काढून, मी आत कुठवर गेलोय ते कळावं म्हणून नळीला बाहेरून लावली. मुलीने टेप धरली. एकदा मोजलं. पुन्हा मोजलं. तिच्या कपाळाला आठी पडली.

"मामा, ब्रश तळाला टेकला होता ना?"

"टेकला की."

"मग चार बोटं कमी का भरतात? तळाला लोखंड असणार. ठण्ण वाजलं होतं का?"

मामा आठवू लागले. "नाही गं. मऊ लागलं होतं काहीतरी."

शाब्बास पोरी! मी आत नाचलो असतो, पण तेवढी जागा नव्हती. इतक्यात भावोजी आले, त्यांनी बंदूक उचलली आणि टिकली बसवली. घोडा मागे खेचला. खट्! "बघू तर खरं वाजते का." आणि बंदुकीच्या तोंडासमोर, हातात टेप घेऊन, त्यांची मुलगी उभी होती.

"बाबा, थांबा! माप जुळत नाहीये!"

"माप गेलं खड्ड्यात!"

"बाबा, आत काहीतरी आहे!"

मामांनी बंदुकीवर झडपच घातली. नळी भिंतीकडे वळवली आणि आपलं बोट घोड्याखाली सारलं. तोवर चाप ओढला गेला होता! घोडा कचकन बोटावर आपटला. मामा कळवळले, पण बोट त्यांनी हलवलं नाही. दुसऱ्या हाताने त्यांनी टिकली काढून टाकली, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

"भरलेली आहे," मामा म्हणाले. "चार बोटं भरलेली आहे, भावोजी."

भावोजींच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी बंदूक सोडून दिली आणि मुलीला जवळ ओढलं.

मग नळीत तांब्याने गार पाणी ओतलं. माझ्या अंगावरून ते झिरपत खाली गेलं आणि आतली जुनी दारू भिजून चिखल झाली. दुपारभर बंदूक मोरीत, तोंड भिंतीकडे करून ठेवली होती. उन्हं कलल्यावर मामांनी पडद्याचा रॉड सळईवरून सरकवला. "उजवीकडेच फिरवायचं," ते मुलीला म्हणाले. "डावीकडे फिरवलंस तर सळई हातात येईल आणि हा आतच राहील. ओढायचं नाही. वळवत वळवत आणायचं." माझा एकेक केस रॉडमध्ये दुमडत गेला. काही तुटले, दुखलं, खोटं कशाला बोलू? पण मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदा मी मागे फिरत होतो आणि लाज वाटायच्या ऐवजी मला भलताच आनंद होत होता! बाहेर आलो तेव्हा माझ्या नाकावर चिंधीचा धागा आणि शिशाचा करडा डाग होता. मुलीने तो बोटाने पुसला आणि ती एकदम रडायला लागली. बंदुकीला घरातल्या कुणी पुन्हा हात लावला नाही. गोळी दुसऱ्या दिवशी बंदुकीच्या कारागिराने काढली. टपोऱ्या बोराएवढी होती.

नाटक मात्र झालं! मी मामांच्या खिशात होतो. मामा पडद्यामागे पत्र्याचा डबा घेऊन उभे, गोळीचा आवाज काढायला. एका बोटाला ही मोठी पट्टी. शेवटचा अंक आला. मिशा लावलेला पहारेकरी भिंतीला टेकून उभा. सेनापतीने काळं फडकं गुंडाळलेली छत्री रोखली.

सेनापती काही गोळी झाडेना.

"बाबा, मारा ना!" पहारेकरी मिशीतल्या मिशीत पुटपुटला.

भावोजींनी छत्री खाली केली. "जा, पोरी," ते म्हणाले. "घरी जा."

मिशीवाल्या पहारेकऱ्याला पोरी म्हटल्यावर लोक खो खो हसले. पण सेनापतीच्या गालांवरून खरंच पाणी वाहतंय हे दिसलं, तसे सगळे गप्प झाले. सेनापती पाठ फिरवून हळूहळू निघून गेला. मामांनी डबा वाजवलाच नाही. मग ज्या टाळ्या पडल्या म्हणता!

मित्रांनो, जुनी वस्तू भिंतीवरून उतरवाल तेव्हा आधी तिच्या पोटात काय आहे ते जाणत्या माणसाला विचारा. अडकलेल्याला हिसडे देऊ नका, जरा वळवून बघा. आणि मागे फिरावं लागलं तर खुशाल फिरा. मी फिरलो, काही बिघडलं नाही.

नळ्या साफ करायला आता नवा ब्रश आलाय. मला मामांनी फेकलं नाही, बॉयलरशेजारच्या खिळ्यावर टांगलंय. अधूनमधून भावोजी लॉन्ड्रीत येतात, माझ्या टकलावरून अंगठा फिरवतात आणि म्हणतात, "काय गड्या, बरा आहेस ना?" मी पूर्वीसारखाच फुगतो. फुगायला आता केस तेवढे उरले नाहीत, एवढंच.