सोयीचा बहिरा

ओतिलिया गुऱ्हाळात शिरली तेव्हा इंजिन गडगडत होतं आणि तक्रारीचा कागद तिच्या खिशातच होता. धाकट्या दिरानं, एलिएसेरनं, तिच्या नवऱ्याला जाणूनबुजून जिवे मारलं, असं त्यावर लिहिलेलं. दुपारी ठाण्यात सही केली की झालं. त्याआधी तिला नवऱ्याची हॅट न्यायची होती.

महिन्यापूर्वी, त्या दिवशी, तिचा नवरा बेलार्मिनो चरकात अडकलेली चिपाडं काढत होता. "थांब, चालू करू नको!" असं तो ओरडला. एलिएसेरनं मान डोलावली आणि इंजिनाचा पट्टा चरकावर चढवला. दोघा भावांत एका खेचरापायी वर्षभर अबोला होता, हे सगळ्या गावाला ठाऊक.

"वहिनी, आवाज येतो हो, पण इंजिनाच्या गडगडाटात शब्द सुटे होत नाहीत," एलिएसेर महिनाभर एवढंच सांगत होता. शहरातल्या डॉक्टरनं बंद, शांत खोलीत कान तपासले. पोरासोरांसारखे ठणठणीत निघाले!

"सोयीचा बहिरा!" चुलवणात चिपाडं घालणारा अन्सेल्मो म्हातारा तिला बघून ओरडला. एलिएसेरनं डोलावलेली ती मान त्यानंच पाहिली होती. "तीस वर्षं मीही ह्याच इंजिनाशेजारी आहे. मला बरा शब्द न् शब्द कळतो!"

एलिएसेरनं खिळ्यावरची हॅट काढली, बाहीनं पुसली आणि खाली बघतच वहिनीच्या हातात दिली.

"तुम्ही मुद्दाम केलंत ना?" तिनं विचारलं.

त्यानं मान डोलावली.

"बघितलंस? कबूल केलं मेल्यानं!" अन्सेल्मो म्हणाला.

ती निघालीच होती. पण एलिएसेर हसला होता, थोडंसं, ओशाळं. लग्नातल्या बँडच्या गोंगाटात, जत्रेत, तो नेहमी असाच हसायचा, आणि ती त्याला शिष्ट म्हणायची. ती परत फिरली.

"भावजी, बेलार्मिनो बाहेर उभे आहेत. तुम्हाला बोलावताहेत."

"हो, हो," एलिएसेर म्हणाला. तेच हसू, तीच मान.

अन्सेल्मोच्या हातातली चिपाडं खाली पडली. त्यानं जाऊन इंजिन बंद केलं.

ओतिलिया उसाच्या मोळीवर बसली. महिनाभर ज्याच्यावर दात खाल्ले, तो हा. आता हा राग घेऊन कुठं जायचं? आणि बेलार्मिनोनं ती मान पाहिली असणार. भावाला कळलं, असं समजून त्यानं निर्धास्तपणे हात पुन्हा आत घातला असणार.

"काय म्हणालात, वहिनी?" एलिएसेरनं विचारलं.