मार्तंड महाराज आणि न लागलेला फोन

"हिरवं झालं! हिरवं झालं!"

जरीपटक्यातल्या आमच्या तांदळाच्या दुकानात एकच गलका उठला. काउंटरवरच्या स्क्रीनवरची लाल खूण हिरवी झाली, म्हणजे कुहीच्या आमच्या राइस मिलशी संपर्क जुळला. ट्रकवाले, हमाल, दलाल सगळे मार्तंड महाराजांच्या पायांवर. समोरचा साडीवालासुद्धा गिऱ्हाईक सोडून धावत आला.

महाराज कॉम्प्युटरभोवती उदबत्ती फिरवत म्हणाले, "राहूनं तुमचा सिग्नल गिळला होता. मी ओकायला लावला. तुमच्या डेटाला पितृदोष आहे, मनकर्णाबाई!"

डेटाचे पितर कोण, हे विचारायचं मला सुचलं नाही. चौथीत शाळा सुटली माझी, पण नवऱ्यामागे मिल आणि दुकान मीच उभं ठेवलं. तांदळाचा दाणा चावून तो जुना की नवा ते सांगते मी. माणूस मात्र मला चावून पाहता आला नाही.

दुकानात बिल बनतं, ते मिलवर पोचतं, तिथं गेटपास निघतो, मगच ट्रक सुटतो. ही व्यवस्था माझ्या सुनेनं, हर्षानं बसवली. मधूनमधून संपर्क तुटायचा. महाराज यायचे, मंत्र म्हणायचे आणि मंत्र संपता संपता संपर्क जुळायचा. मग त्यांनी निदान केलं, "या यंत्रावर स्त्रीची सावली नको."

मी हर्षाला काउंटरवरून उठवलं. चारचौघांत. "ऊठ वं, तुझ्या हातानंच हे बंद पडून राहिलं."

"आई, ते आपोआप सुरू होते. मी त्यासाठीच प्रोग्राम लिहिला आहे."

"आपोआप फक्त दूध उतू जाते!" मी म्हटलं. लोक हसले. मलाही बरं वाटलं.

नंतर एकदा संपर्क तुटला तेव्हा महाराज आलेच नाहीत. मी फोन लावत होते, तो लागत नव्हता, आणि तेवढ्यात स्क्रीन हिरवी झाली. सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी फोन कानाला तसाच धरून म्हणाले, "महाराजांनी फोनवरून मंत्र म्हटला." ज्यांच्यासमोर सुनेला उठवलं, त्यांच्यासमोरच ती खरी ठरली असती ना!

मग एक दिवस महाराजांना या व्यवस्थेचा पासवर्ड द्यायचा होता. त्यांचा चेला काउंटरवर बसणार आणि हर्षाचा हात या कामावरून कायमचा निघणार होता.

ती पुढे आली. "पासवर्ड देते. आधी दोन गोष्टी पाहून घ्या."

तिनं सगळ्यांना समजावलं. "क्लाउडमधे, म्हणजे दूरच्या मोठ्या कॉम्प्युटरांवर, आपली भाड्याची, बंदिस्त जागा आहे. तिथून मिलकडे जायले दोन फाटकं आहेत. कोणत्या फाटकातून जायचं हे एका पाटीवर लिहून असते, तिले रूट टेबल म्हणतात. पहिलं फाटक बंद पडलं की बिलं तिथंच डोकं आपटत राहतात. माझा प्रोग्राम फाटकाले सारखा विचारते, 'जागा आहेस का गा?' चार-पाचदा विचारूनही उत्तर नाही आलं, तं पाटी पुसून दुसऱ्या फाटकाचा रस्ता लिहिते. त्याले थोडा वेळ लागते. तेवढ्यात महाराजांचा मंत्र होऊन जाते."

मोबाइलवरून तिनं पहिलं फाटक बंद पाडलं. स्क्रीन लाल. "महाराज, आता तुम्ही चूप बसा."

महाराज चूप. दुकान चूप. थोड्या वेळानं हिरवं झालं. कोणी कोणाच्या पाया पडलं नाही.

मग तिनं पहिलं फाटक उघडून रस्ता पुन्हा त्यावर आणला, प्रोग्राम थांबवला आणि फाटक परत बंद पाडलं. "आता म्हणा मंत्र."

महाराजांनी म्हटला. पुन्हा म्हटला. उदबत्ती जळून काडी उरली, घसा बसला. खूण लालच.

"संशयी नजरेपुढे विद्या थिजते," महाराज खाकरले.

आमचा जुना हमाल रुपराव हात जोडून उठला. "खरं आहे! त्या दिवशी तं फोनवरूनही मंत्र चालला होता. बाईनं स्वतः ऐकला ना!"

महाराजांचा चेहरा उजळला. "सांगा बाई, सांगा!"

माझं खोटं महाराजांच्या आधाराची काठी झालं होतं. हर्षा माझ्याकडे पाहत नव्हती, हातातल्या मोबाइलकडे पाहत होती.

"फोन लागलाच नव्हता, रुपराव," मी म्हणाले. "मी खोटं बोलली."

"मंग पोरीले काहून उठवलं, बाई?"

तेवढ्यात महाराज केव्हा सटकले ते कळलं नाही. हर्षानं प्रोग्राम सुरू केला, आणि आपल्या वेळेनं खूण हिरवी झाली.

वाचणाऱ्यांनो, चमत्कार दिसला की हात जोडू नका. आधी महाराजाला गप्प बसवून पाहा. काम तरीही झालं, तर ते खरं कोणी केलं ते शोधा. आणि भोंदू एकटा कधीच पुरत नसतो. त्याला माझ्यासारखी एक वजनदार बाई लागते, जी न लागलेला फोन कानाला धरते.

हर्षा आता काउंटरवर बसते. कामाचं सगळं मला सांगते, नीट समजावून सांगते. फक्त आता 'आई' नाही, हमालांसारखी 'बाई' म्हणून हाक मारते.

मी ओ देते.