सुलभामावशींचं हलकं माप

खट्. मग क्षणभर शांतता. मग टक्. अमेरिकेतल्या बेलव्ह्यूमधल्या आमच्या गल्लीत शनिवारची कोवळी, पाण्यानं निथळलेली उन्हं गराजांच्या दारांवर टेकलेली असत आणि शेजारच्या अर्ध्या उघड्या गराजातून हे दोन ध्वनी संथ श्वासोच्छ्वासासारखे येत राहत. दांडा वर नेला की खट्, खाली आणला की टक्, आणि मधली शांतता नेहमी तेवढीच. ती ऐकून मी चहा टाकायचे, आणि चहा कधी उतू गेला नाही.

सुलभामावशी पिस्तुलाची काडतुसं घरी भरत; दांडा होता तो दारूची पावडर मापून पाडणाऱ्या त्यांच्या यंत्राचा. नागपूरच्या एका दवाखान्यात औषधाच्या पुड्या बांधून त्यांचा हात बसलेला, पुढे इथल्या हॉस्पिटलात औषधं देता देता केस पांढरे झालेले, आणि निवृत्तीनंतर त्यांना नाद लागला तो नेमबाजीचा. आमच्या मराठी मंडळात यावर बरीच नाकं मुरडली गेली. पुरणपोळीच्या ताटापलीकडून कुणीतरी हमखास विचारायचं, ‘मावशी, या वयात हे काय?’ मावशी शांतपणे दुसरी पोळी वाढून घेत. उत्तर द्यायची गरज ज्यांना भासत नाही अशी माणसं मला फार आवडतात. माझ्यात ते नाही, मी वाद घातल्याशिवाय जेवूच शकत नाही.

संधिवातानं त्यांचं उजवं मनगट धरलं होतं. डॉक्टर म्हणाले, पिस्तूल सोडा. मावशींनी काडतुसातली पावडर कमी केली, म्हणजे बाराचा झटका मनगटाला कमी बसे. काडतुसाची पुंगळी भरपूर पावडरीसाठी घडवलेली, आणि मावशींची चिमूट तिच्या तळाशी कुंकवाएवढी दिसे. त्या चिमटीत त्यांचं सगळं सुख सामावलेलं होतं. जरा जास्त पडली तर मनगट रात्रभर ठणके. जरा कमी पडली तर गोळी नळीतच अडकून बसण्याचा धोका, आणि ते न कळून पुन्हा चाप ओढला तर पिस्तूल हातातच फुटण्याचा. या दोन टोकांमधली चिंचोळी वाट त्या कमालीच्या ऐटीत चालत.

ही पावडर बारीक चकत्यांची. भांड्यातून मापाच्या खाचेत उतरताना एखादी चकती तोंडाशी आडवी बसते. मग एक माप रिकामं-रिकामं पडतं आणि अडलेलं पुढच्यात उतरून ते जड होतं. मोठ्या मापात हा फरक पचून जातो, छोट्यात नाही. म्हणून दांड्याची गती एकच, थांबणं एकच, भांडं कधी अर्ध्याखाली जाऊ द्यायचं नाही, आणि मध्ये कुणी हाक मारली तर पडलेलं माप परत भांड्यात. शेवटी पन्नास पितळी पुंगळ्या फळीवर उभ्या करून मावशी त्यांवर दिवा धरत आणि प्रत्येकीत डोकावून बघत. विहिरीत वाकून पाहणाऱ्या पोरीचं कुतूहल त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर असे, आणि त्या एकदम सुंदर दिसत.

मी दोन वर्षं नुसती स्टुलावर बसून बघत होते. व्हिसावर आलेल्या माणसानं काडतुसाला हात लावलेला कायद्याला चालत नाही, आणि मावशींना कायद्यातली पळवाट औषधातल्या भेसळीइतकीच नावडती. ‘कार्ड येऊ दे तुझं, मग लाव हात,’ त्या म्हणत. माझं ग्रीन कार्ड आलं तेव्हा ऑफिसातल्यांनी केक कापला आणि मावशींनी मला दांड्यापाशी बसवलं. एवढा मान मला त्याआधी कुणी दिला नव्हता.

त्यानंतरच्या वसंतात एका शनिवारी नेमबाजीच्या क्लबात स्पर्धेची शेवटची फेरी होती. हिवाळाभर मावशी तिच्यासाठी मनगट जपत होत्या. शेवटची दहा काडतुसं भरायची राहिली आणि नागपूरहून त्यांच्या बहिणीचा फोन आला. ‘तू कर तेवढी,’ म्हणून त्या आत गेल्या. मी दांडा धरला तो देवापुढच्या निरांजनासारखा, हळू, भीत-भीत, अलगद. निघायची वेळ होत आली होती. दहाही मापं मी एकदम ताजव्यात ओतली, वजन दहापटीला बरोबर उतरलं, म्हणून डोळ्यांच्या अंदाजानं ती परत दहा पुंगळ्यांत वाटून टाकली. सॉफ्टवेअर तपासण्याचा पगार घेणाऱ्या बाईनं हे केलं, याची लाज मला आजही वाटते.

‘वजन केलंस न?’ मावशींनी येऊन विचारलं.

‘हो, अगदी बरोबर आलं.’ माझ्या शब्दावर त्या दिवशी दिवा धरायचा राहिला, आणि गोळ्या बसवून आम्ही निघालो.

मैदानावर वीस सेकंदांत पाच बार काढायचे होते. मावशी उभ्या राहिल्या की म्हातारपण त्यांच्या खांद्यांवरून शालीसारखं गळून पडे. पहिला बार, दुसरा; हात उठतो, स्थिरावतो, बोट मिटतं. तिसरा मात्र फुसका वाजला, उशीत मारलेल्या गुद्द्यासारखा. आजूबाजूच्या कडकडाटात मला तो नंतर, त्यांच्या चेहऱ्याकडे बघून ऐकू आला. बोट पुन्हा चापावर मिटू लागलं होतं, महिनोन्महिन्यांच्या सवयीनं ते आपोआप मिटतच होतं, आणि मावशींनी ते थांबवलं. पिस्तूल मेजावर ठेवलं, तोंड निशाणाकडे. डावा हात वर केला. घड्याळ चालू राहिलं, इतरांचे बार झाले, आणि त्यांची फेरी तिथं संपली.

क्लबच्या माणसानं नळीत काठी घातली, ती मध्येच अडली. गोळी तिथंच होती.

परतताना गाडीत मावशींनी समोर बघतच विचारलं, ‘मुक्ता, एकेक तोललं होतंस की दहा मिळून?’

‘दहा मिळून.’ मला रडू आवरेना. ‘सॉरी मावशी. तुम्हाला काही झालं असतं तर?’

‘झालं नाही न बाप्पा. दहा पुड्यांचं वजन जुळलं म्हणून दहाही पेशंटला डोस बरोबर गेला, असं होत नाही. हे मी तुला आधीच शिकवायला पाहिजे होतं. माझंही चुकलंच.’

घरी आल्यावर आम्ही उरलेली काडतुसं एकेक उकलली आणि प्रत्येकातली पावडर वेगळी तोलली. मी भरलेल्या दहांपैकी उरलेल्यांत एक फार हलकं निघालं, एक धोक्याचं जड. मावशींनी दोन्ही आकडे मला मोठ्यानं वाचायला लावले. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मी सुटले असते.

पुढच्या शनिवारी त्यांनी मला पुन्हा दांड्यापाशी बसवलं. मी मागे सरले तर म्हणाल्या, ‘भिऊन हात हलका पडतो अन् हलक्या हातानं माप बिघडतं. विश्वासानं ओढ.’ मी ओढला. त्या दिवसापासून माझ्या हातातही ठामपणा आला, कामातही, आणि बोलण्यात तो आधीपासून होताच.

मनगटानं त्यांना आणखी तीन वर्षं साथ दिली. मग एका शिशिरात झोपेतच त्या गेल्या. मनगटाचा त्यात काही संबंध नव्हता. त्या तीन वर्षांतले कितीतरी शनिवार माझ्यापाशी आहेत: त्यांचं मोठ्यानं नाक शिंकरणं, भाकरी करपली की भाकरीलाच रागावणं, नेम चुकला की स्वतःवर खुदकन हसणं. ते सगळे माझ्या एका चुकीनं हातचे जाता जाता राहिले. काळ कुणासाठी थांबत नाही, असं लोक म्हणतात तेव्हा मी, वाद घालणारी बाई, तिथंही वाद घालते; कारण तो एकदा एका म्हातारीच्या मिटत्या बोटाशी थांबलेला मी पाहिला आहे, आणि आज जिची मला इतकी आठवण येते, तिच्यासोबतची ती तीन वर्षं त्याच थांबण्यानं मला दिली.